हातातला निरोप्या आणि लिनक्स

एखादे यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी कसे होते? चाक मोडले, तार तुटली, बॅटरी संपली ही कारणे आपल्या ओळखीची आहेत. संगणकांच्या जगात मात्र आणखी एक कारण आढळते. यंत्र जसेच्या तसे असते, पण ज्या सेवेसाठी ते बनवले तीच बंद पडते.

'झिपिट झेड-टू' हे याचे चांगले उदाहरण आहे. २००७ साली अमेरिकेत हे यंत्र विक्रीला आले. तळहातावर मावणारी, कंपासपेटीसारखी उघडणारी ही डबी. वरच्या पाकात छोटा रंगीत पडदा, खालच्या पाकात इंग्रजी अक्षरांचा कळफलक. फोन करण्याची सोय तिच्यात नव्हती. घरातील बिनतारी इंटरनेटला म्हणजे वायफायला जोडून मुलांनी एकमेकांना लेखी निरोप पाठवावेत, एवढाच तिचा हेतू. हे निरोप त्या काळच्या तीन मोठ्या सेवांमार्फत जात. पैकी मायक्रोसॉफ्टची सेवा बहुतेक देशांत २०१३ साली थांबली, एओएलची १५ डिसेंबर २०१७ रोजी आणि याहूची १७ जुलै २०१८ रोजी. डबीतील एकही सुटा भाग बिघडला नाही, पण निरोप घेणारे टपाल कार्यालयच उठून गेले.

तरीही काही हौशी मंडळींनी या डब्या फेकल्या नाहीत. त्यांनी त्यांच्यावर स्वतःच्या पसंतीचे लिनक्स बसवले आणि त्यांना पुन्हा कामाला लावले. हे कसे करतात ते आपण पाहू. वारूळवाडी किंवा नारायणगावातील घराघरांत, कपाटाच्या खणात आज जे जुने मोबाइल पडून आहेत, त्यांचा प्रश्नही मुळात हाच आहे.

डबीत काय असते?

अशा यंत्राला 'छोटा संगणक' म्हणणे ही केवळ उपमा नाही. तो खरोखरच संगणक असतो. झेड-टूमधील मायक्रोप्रोसेसर पीएक्सए-२७० जातीचा असून त्याचा ठोका सेकंदाला ३१ कोटी २० लाख वेळा, म्हणजे ३१२ मेगाहर्ट्झने पडतो. काम चालू असतानाची स्मृती ३२ मेगाबाइट. वीज गेली तरी मजकूर टिकवून धरणारी फ्लॅश स्मृती ८ मेगाबाइट. शिवाय जादा साठवणुकीसाठी नखाएवढे कार्ड घालण्याची खाच आहे.

पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २४० ठिपके आहेत. एकूण ठिपके झाले ७६,८००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी दोन बाइट धरले, तर एका चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. एक अक्षर ८ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच धरले, तर एका ओळीत ४० अक्षरे आणि अशा १५ ओळी मावतात. लहानशा पत्राला एवढी जागा पुरेशी आहे. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. 'यंत्र लहान आहे' या मोघम वाक्याला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळतो.

लिनक्स म्हणजे काय?

कळ दाबली की ती कोणती हे ओळखणे, पडद्यावर ठिपके उमटवणे, कार्डावरून मजकूर वाचणे, एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञावल्यांना पाळीपाळीने वेळ देणे, ही कामे कार्यप्रणालीची. या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक गाभा लिहून सर्वांना खुला केला. त्याचे नाव लिनक्स. पुढच्याच वर्षी तो अशा परवान्याखाली आला की कोणीही त्याची मूळ आज्ञावली वाचावी, बदलावी व वाटावी. अट एवढीच, की बदललेली प्रत पुढे देताना तिची मूळ आज्ञावलीही खुली ठेवायची.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. झेड-टूमध्ये कारखान्यातूनच लिनक्स होते! आज अँड्रॉइड मोबाइलमध्येही गाभा लिनक्सचाच असतो. मग 'लिनक्स बसवायचे' म्हणजे काय करायचे? खरा फरक आहे अधिकाराचा. कारखान्याच्या लिनक्सवर कोणत्या आज्ञावल्या चालतील हे कारखाना ठरवतो. आपण बसवलेल्या लिनक्सवर ते आपण ठरवतो. घर तेच असते, फक्त किल्ली आपल्या हाती येते.

जागे होण्याची साखळी

मायक्रोप्रोसेसर अत्यंत वेगवान असला तरी वीज मिळताक्षणी त्याला एकच गोष्ट ठाऊक असते: एका ठरलेल्या पत्त्यावरची पहिली आज्ञा उचलायची. त्या पत्त्यावर फ्लॅश स्मृतीमध्ये बूटलोडर नावाची छोटी आज्ञावली ठेवलेली असते. शाळेचा शिपाई सकाळी येऊन कुलूप काढतो, दिवे लावतो आणि मग मुख्याध्यापकांच्या हाती कारभार जातो. बूटलोडरचे काम नेमके तेवढेच. तो स्मृती कामाला लावतो, दाबून लहान केलेला गाभा तिच्यात उतरवतो आणि ताबा गाभ्याकडे देऊन बाजूला होतो.

गाभा स्वतःला उलगडतो, एकेक भाग ओळखतो आणि शेवटी फायलींचे मूळ झाड शोधतो. हे झाड म्हणजे आज्ञावल्या, अक्षरांचे साचे, कळफलकाचे तक्ते यांचा सारा संसार. तो सापडला की पहिली आज्ञावली सुरू होते आणि पडद्यावर आज्ञा लिहिण्याची जागा दिसते. बूटलोडर, गाभा आणि फायलींचे झाड या तीन दुव्यांपैकी कोणता बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हा बसवणाऱ्याचा पहिला निर्णय असतो.

बसवण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी घरच्या किंवा शाळेच्या मोठ्या संगणकावर होते. मोठ्या संगणकातील प्रोसेसर बहुधा इंटेलच्या जातीचा असतो, डबीतील प्रोसेसर एआरएम जातीचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. म्हणून मोठ्या संगणकावर बसून लहानाच्या भाषेत आज्ञावली तयार करावी लागते. याला क्रॉस कंपायलेशन म्हणतात. लहान यंत्रावरही हे काम होऊ शकेल, पण ३२ मेगाबाइट स्मृतीमध्ये गाभा तयार करायला बसणे म्हणजे चहाच्या भांड्यात गावजेवण रांधणे!

दुसरी पायरी कार्ड तयार करण्याची. फायलींचे सगळे झाड कार्डावर उतरवतात. ८ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये पूर्ण संसार मावत नाही, कार्डावर मात्र सहज मावतो.

तिसरी पायरी नाजूक आहे. यंत्राच्या फ्लॅशमध्ये नवा बूटलोडर किंवा नवा गाभा लिहायचा असतो. फ्लॅश स्मृतीचा स्वभाव वहीसारखा नसून पाटीसारखा असतो. तिच्यातील एखादी नोंद १ ची ० करता येते, परंतु ० ची पुन्हा १ करायची असेल तर पूर्ण पट्टा पुसावा लागतो. म्हणजे आधी पुसणे, मग लिहिणे. या दोहोंच्या मध्ये बॅटरी संपली तर बूटलोडर अर्धवट राहतो. पुढच्या वेळी वीज मिळाल्यावर पहिली आज्ञाच सापडत नाही. अशा यंत्राला हौशी मंडळी 'वीट' म्हणतात, कारण त्यानंतर ते कागदावर वजन ठेवण्याच्या कामाचे उरते. म्हणून तीन पथ्ये पाळतात. बॅटरी पूर्ण भरून घेणे, जुन्या फ्लॅशची प्रत आधी काढून ठेवणे आणि लिहायची फाइल तंतोतंत आली आहे की नाही ते तपासणे.

फाइल तपासायची कशी?

लाखो बाइट डोळ्यांनी जुळवणे शक्य नाही. म्हणून फाइलीवरून एक छोटी खूण-संख्या काढतात आणि ती मूळ संख्येशी ताडून पाहतात. ही कल्पना वर्गात दहा मिनिटांत समजावता येते.

फळ्यावर २, ७, १, ५ असे चार अंक लिहा. त्यांची बेरीज १५. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या कानात हे अंक सांगावेत, असे करत ते शेवटच्या बाकापर्यंत जावेत. शेवटी बेरीज १५ आली नाही तर वाटेत चूक झाली हे नक्की. पण बेरीज १५ आली म्हणजे सारे बरोबर आहे का? कोणी ७, २, १, ५ असे सांगितले तरी बेरीज १५ च येते. आता पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज घ्या. मूळ अंकांसाठी ती ३९ येते आणि अदलाबदल झालेल्यांसाठी ३४. चूक पकडली गेली. ही युक्तीही चकवता येईल असे चार अंक शोधा, हा गृहपाठ उत्तम. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या खूण-संख्या बऱ्याच मोठ्या व गुंतागुंतीच्या असतात, पण मूळ विचार हाच.

मराठी निरोप

यंत्र जागे झाले, आता निरोप लिहायचा. इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट पुरतो. देवनागरीसाठी आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांची चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. 'वारूळवाडी' या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत. म्हणजे २७ बाइट झाले. मोबाइलच्या साध्या एसएमएसची पद्धत थोडी निराळी आहे. तेथे एका निरोपाला १४० बाइट मिळतात. त्यांत इंग्रजी अक्षरे १६० मावतात, तर देवनागरी चिन्हे फक्त ७०.

साठवणूक झाली तरी दाखवण्याचे काम उरतेच. लिनक्सचा साधा अक्षरी पडदा प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट देतो आणि एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्याच ओळखतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, उकार खाली, रफार वर आणि जोडाक्षरे तर शेकडो. चौकटीच्या रकान्यांत ही लिपी बसत नाही. म्हणून चिन्हांच्या ओळीवरून योग्य आकृती जुळवणारी वेगळी आज्ञावली आणि तिला साजेसा अक्षरसंच, दोन्ही लागतात.

मराठीची यात आणखी एक खास गरज आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे जुन्नरच्या डोंगरांत दिसतात त्या. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा आणि म्हणून लेखनही वेगळे. युनिकोडमध्ये या दोन शब्दांत एकाच चिन्हाचा फरक आहे: पहिल्यात साधा 'र', दुसऱ्यात नुक्त्याचा 'ऱ'. इन्स्क्रिप्ट या भारतीय कळफलकावर दोन्ही एकाच कळेवर आहेत, दुसऱ्यासाठी शिफ्ट दाबायची एवढेच. अक्षरसंच करणाऱ्याने ही बाब सांभाळली नाही तर पडद्यावर दऱ्यांचा समुद्र होतो. लोहित नावाच्या मुक्त अक्षरसंचांमध्ये मराठीच्या अशा गरजांचा विचार केलेला आहे. आज्ञावली खुली असण्याचा फायदा येथे कळतो. परदेशातील कंपनीला ज्या भाषेची आठवण होणार नाही, तिची सोय त्या भाषेचे लोक स्वतः करू शकतात.

निरोप नेणार कोण?

झिपिटवर आलेले संकट पुन्हा यायला नको असेल, तर निरोपाचा मार्गही खुला हवा. पोस्टकार्डावर पत्ता कोठे लिहायचा हे सर्वांना माहीत असते, त्यामुळे कोणत्याही गावचे कार्ड कोणत्याही गावी जाते. निरोपांसाठीही असे जाहीर नियम आहेत. 'आयआरसी' ही पद्धत १९८८ पासून, तर 'एक्सएमपीपी' ही १९९९ पासून चालत आली आहे. त्यांचे नियम कोणा एका कंपनीच्या तिजोरीत नाहीत. शाळेतील एखाद्या जुन्या संगणकावर या पद्धतीचे निरोप-केंद्र बसवता येते. इंटरनेट नसले तरी शाळेच्या आवारातील वायफायवर ते चालते. केंद्र आपलेच असल्यामुळे ते बंद करायचे की नाही, हेही आपणच ठरवतो.

आपल्याकडचे प्रयोग

हातात मावणाऱ्या यंत्रावर लिनक्स, ही कल्पना भारताला नवी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि काही अभियंते यांनी १९९९ साली सिम्प्युटर न्यास स्थापला. त्यांनी आखलेल्या सिम्प्युटरमध्ये २०६ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, स्पर्शाने चालणारा पडदा आणि लिनक्स होते. इंग्रजी न जाणणाऱ्यालाही वापरता यावे हा त्याचा उद्देश. त्याचा 'अमिडा' हा अवतार २००४ साली बाजारात आला, पण मोबाइलच्या लाटेपुढे तो टिकला नाही. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या खैरात येथील शाळेत २००७ साली 'एक्सओ' हे मुलांचे संगणक आले. त्यांच्यावरही लिनक्सच होते आणि शेजारच्या दोन यंत्रांना परस्पर जोडून गप्पा मारण्याची सोय होती. दोन्ही प्रयोगांतून एक गोष्ट शिकता येते. स्वस्त यंत्र ही निम्मी बाजू झाली. ते दुरुस्त करणारे, बदलणारे आणि शिकवणारे हात गावात असणे ही उरलेली निम्मी.

शेजारची दुर्बीण

वारूळवाडीच्या परिसरात असे यंत्र वापरताना आणखी एक विचार करावा लागतो. जवळच खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिथल्या संकेतांवर प्रक्रिया करणारे संगणकही लिनक्सवरच चालतात. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारणेनंतर ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, मधली काही अंतरे सोडून, ऐकते. त्यातील एक भाग आहे २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा.

आता झेड-टूचा ठोका आठवा: ३१२ मेगाहर्ट्झ! तो नेमका याच भागात पडतो. हा ठोका १३ मेगाहर्ट्झच्या मूळ स्पंदनाला २४ ने गुणून मिळवलेला आहे. मूळ स्पंदनाच्या पटींतही थोडी गळती होऊ शकते. १३ च्या किती पटी २५० ते ५०० च्या दरम्यान येतात ते मोजा. २६० पासून ४९४ पर्यंत त्या १९ भरतात.

ही गळती किती महत्त्वाची? समजा, यंत्रातून एक अब्जांश वॉट एवढीच शक्ती एक मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्व दिशांना बाहेर पडते. दहा किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे १२६ कोटी चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावर ती शक्ती पसरली तरी खगोलशास्त्रज्ञांच्या मापात तिची तीव्रता सुमारे ८० जान्स्की येते. उलट दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत अनेकदा एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून क्षीण असतात! प्रत्यक्षात डोंगर, घरे व झाडे बराच अटकाव करतात. शिवाय अनेक तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहिल्यामुळे जमिनीवरचा गोंगाट काहीसा वगळला जातो. एका डबीने दुर्बीण बहिरी होणार नाही. पण शेकडो चार्जर, दिवे आणि संगणक मिळून तिची शांतता भंगवतात, हे मात्र खरे. दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते यासाठीच.

येथेही लिनक्सचा उपयोग होतो. गाभ्याला सांगून ठोका मंद करता येतो, काम नसताना यंत्राला झोपवता येते, वायफाय बंद ठेवता येते. त्याने बॅटरीही वाचते.

शाळेत काय करता येईल?

पहिला प्रयोग बिनखर्चाचा. मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागेवर लावा. त्याच्याजवळ मोबाइलचा चार्जर, संगणक, एलईडी दिवा एकेक करून आणा. खरखर किती अंतरावर सुरू होते ते मोजून तक्ता करा. तारांगणात न जाता रेडिओ खगोलशास्त्राची मुख्य अडचण मुलांना कानांनी कळते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरते. तेथे हा तक्ता घेऊन जाता येईल.

दुसरा प्रयोग जुन्या मोबाइलचा. 'पोस्टमार्केटओएस' हे लिनक्स २०१७ पासून अशाच जुन्या फोनांसाठी तयार होत आहे. आपला नमुना त्याच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ कंपन्या बूटलोडरला असे कुलूप घालतात की त्यांची सही नसलेला गाभा तो स्वीकारतच नाही. कुलूप अधिकृतपणे उघडता येणारा फोन असेल तरच पुढे जावे. उघडताना आतील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून मालकाची परवानगी आणि आधी काढलेली प्रत दोन्ही हवीत. बॅटरी फुगलेला फोन चार्जिंगला लावू नये आणि ती टोचून किंवा वाकवून काढण्याचा प्रयत्नही करू नये.

तिसरे काम वर्गातल्या चर्चेचे. विकत घेतलेल्या वस्तूवर कोणाची सत्ता असावी? सायकलचे चाक बदलायला कोणी कंपनीची सही मागत नाही. मग फोनच्या बाबतीत ती का? कंपनीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. कुलपामुळे चोराला आणि फसव्या आज्ञावल्यांना अटकाव होतो. विद्यार्थ्यांचे दोन गट करून दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. कंपनीने सेवा बंद करताना कुलपाची किल्ली ग्राहकाला द्यावी, असा नियम असला तर काय होईल, हा प्रश्न शेवटी ठेवावा. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते या मुलांनाच पुढे द्यायचे आहे.